अनोळखी पेल एल : कडू आहे, की बिघडली आहे?

प्रश्न बेळगावातल्या एका गृहस्थांचा आहे. दुकानात एका नव्या क्राफ्ट, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर करणाऱ्या, ब्रुअरीच्या पेल एलचे दोन कॅन मिळाले. पेल एल हा बिअरचाच एक प्रकार. ३३० मिलीचे, लेबलवर ४.८ टक्के मद्यार्क आणि ३५ आयबीयू, म्हणजे कडूपणाचं माप. एक उघडला तर बिअर गढूळ, जास्त कडू, फेस बेताचा आणि वास "कसातरीच". एक मित्र म्हणाला, नासलीय, ओतून टाक. दुसरा म्हणाला, क्राफ्ट अशीच असते, तुलाच कळत नाही. यांना सवय लागरची, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरची, कधीमधी स्ट्राँगची. दुसरा कॅन अजून फ्रीजमध्ये आहे. तो नीट चाखून निकाल कसा लावायचा, आणि बिघडलेला निघाला तर दुकानदाराला काय सांगायचं, असं त्यांनी विचारलंय.

दोघे मित्र भांडतायत ते वेगवेगळ्या गोष्टींवरून. बिअर निकोप आहे का, हा एक प्रश्न. पेल एल म्हणून ती आपल्या जातीला धरून आहे का, हा दुसरा. आणि मला आवडली का, हा तिसरा. कारलं कडू लागलं म्हणून भाजीवाल्याशी भांडता येत नाही. कारलं पिवळं पडून आतून लाल निघालं, तर येतं. बिअरचंही तसंच आहे, आणि प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात. दोष आधी, जात मग, आवड शेवटी. बहुतेक लोक आवडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. एका कॅनवरून ब्रुअरीबद्दल मत बनवता येत नाही, फार तर त्या कॅनबद्दल बनतं. कडूपणा कुणाला किती लागतो हे माणसागणिक वेगळं असतं. काही वास काही नाकांना येतच नाहीत. लोण्यासारखा वास, ज्याबद्दल पुढे लिहिलंय, तो अजिबात न ओळखणारी चांगली अनुभवी माणसं असतात. म्हणून एकट्याने निकाल देऊ नका. एका कॅनला तीन माणसं हा हिशेब बरा: प्रत्येकाच्या वाट्याला ११० मिली येते, आणि चाखायला तेवढी पुरते.

कॅन उघडण्याआधी त्याचा तळ बघा. तिथे भरल्याची तारीख आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. पेल एलमधली हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, दरवळ ही या पेयातली सगळ्यात नाजूक वस्तू आहे. ती आधी जाते, कडूपणा मागे राहतो. लेबलवर सहा महिन्यांची मुदत असली तरी ती "पिण्यास योग्य" या अर्थाने असते. ब्रुअरने जो वास मनात धरून बिअर केली, तो वास थंडाव्यात ठेवलेल्या कॅनमध्येही दोन-तीन महिन्यांनंतर उतरू लागतो. उन्हाळ्यात थंडावा नसेल, तर त्याला फार दिवस लागत नाहीत. अमेरिकेतल्या ब्रुअर मंडळींत एक ठोकताळा चालतो, ३-३०-३००. साधारण ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस बिअरला जवळपास सारखंच म्हातारं करतात. आकडे काटेकोर नाहीत, पण दिशा अगदी बरोबर आहे.

आता हा ठोकताळा आपल्या भागाला लावा. बेंगळुरूहून बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर. ट्रक साधा, ताडपत्रीचा. पुढे गोदाम, मग दुकान, आणि दुकानात फ्रीजमध्ये जागा खपणाऱ्या मालाला. नवा क्राफ्ट कॅन वरच्या फळीवर, पत्र्याच्या छताजवळ. बेळगाव शहर उंचावर असल्याने जरा बरं, पण चिकोडी-अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल ते सांगायला नको. गोव्याहून चोर्ला घाटातून गाडीच्या डिकीत आणलेला माल तर विचारूच नका. परवान्याशिवाय आणणं अबकारीच्या दृष्टीने गुन्हा आहेच, शिवाय बंद डिकीत बिअर शिजते. माझा अनुभव असा की या पट्ट्यात हातात पडणाऱ्या क्राफ्ट बिअरमधले निम्म्याहून अधिक दोष बनवणाऱ्याचे नसतात, वाटेतले असतात. म्हणून तळाची तारीख तीन महिन्यांहून जुनी असेल आणि कॅन दुकानात फ्रीजबाहेर असेल, तर अपेक्षा आधीच थोडी खाली आणून बसा.

ग्लासबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण "फेस बेताचा" ही तक्रार अनेकदा ग्लासची असते. आपल्या घरी काचेचा ग्लास म्हणजे ज्यात सकाळी दूध किंवा ताक असतं तो. दुधाच्या स्निग्धांशाचा डोळ्यांना न दिसणारा थर काचेवर राहतो आणि फेस बसतो. तुपाच्या भांड्याला लावलेल्या घासणीने ग्लास घासला तरी तेच. नवी घासणी घ्या, साबण अगदी थोडा, वाहत्या पाण्यात तीनदा खळबळा आणि पालथा घालून आपोआप सुकू द्या. पंच्याने पुसू नका. तपासायचं असेल तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. मध्ये मोकळे पट्टे राहिले तर तिथे तेलकटपणा आहे. मग पुन्हा धुऊन घ्या. स्टीलचा पेला नको: रंग दिसत नाही, आणि धातूचा वास आला तर तो बिअरचा की पेल्याचा हा नवा वाद. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर शेवटचं खळबळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा. बेळगावला येणारं राकसकोप तलावाचं पाणी गोड आहे, पण घरी पोचेपर्यंत त्यात क्लोरीन पडलेलं असतं, आणि क्लोरीनशी नातं असलेला एक दोष आपल्याला बिअरमध्ये शोधायचा आहे.

तोंडही ग्लासाइतकंच स्वच्छ हवं. चाखण्याआधी तासभर पान, तंबाखू, गुटखा, वेलदोडा, पुदिन्याची गोळी काही नको. तिखट तर नाहीच. मिरचीने तोंड पेटलेलं असताना बिअरमधला वायू टोचतो आणि कडूपणाचा अंदाज चुकतो. मध्ये तोंड साफ करायला साधे चुरमुरे आणि खोलीच्या तापमानाचं पाणी. चुरमुरे साधे म्हणजे साधे, भडंग नव्हे. अत्तर, उदबत्ती, शेजारी तळण चालू असेल तर जागा बदला. निपाणीत तंबाखूचा व्यवहार जवळून पाहिलेल्यांना हे पटवावं लागत नाही. पानाची प्रत नाकाने ठरवणारा माणूस आधी नाकाला उसंत देतो.

आता कॅन. फ्रीजमध्ये तो ४ अंशांच्या आसपास असतो. त्या तापमानाला जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. लागर तशी पितात ती म्हणूनच निभावते. पेल एल ७ ते १० अंशांत चाखायची. फ्रीजमधून काढून साधारण दहा मिनिटं बाहेर उभा ठेवा. फ्रीझरमध्ये घालून गारेगार करू नका, बर्फ तर नकोच. कॅन आडवा पडला असेल तर आदल्या रात्री उभा करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल.

मी ३३० मिलीचे तीन भाग करतो. पहिला शंभरेक मिली, उघडल्या उघडल्या. दुसरा दहा-बारा मिनिटांनी. तिसरा भाग वेगळ्या ग्लासात ओतून त्यावर बशी झाकून ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर अगदी शेवटी बघायचा. तळातली शेवटची दोन घोटभर, गाळासकट, आणखी एका छोट्या ग्लासात. तिघे असाल तर प्रत्येक भाग तिघांत वाटा. यात बिअर चाखायची तेवढीच लागते, पण तीन तापमानांना तिचे तीन चेहरे दिसतात, आणि दोष लपवणाऱ्या थंडीचा आडोसा निघून जातो.

ओतताना ग्लास तिरका धरा, अर्धा भरल्यावर सरळ करा आणि मधोमध ओता, म्हणजे दोन बोटं फेस येईल. फेसाला घाबरायचं कारण नाही, वास त्यातूनच वर येतो. ओतल्याबरोबर पहिलं काम नाकाचं. रंग बघत बसाल तर काही वास तेवढ्यात उडून जातील. ग्लास नाकाखालून एकदा नुसता फिरवा. मग दोन-तीन छोटे हुंगे घ्या, कुत्रं हुंगतं तसे. मग ग्लासवर तळहात झाकून हलकेच गोल फिरवा, हात काढा आणि एक लांब श्वास घ्या. पहिल्या हुंग्यात सडक्या अंड्याचा बारीकसा वास येऊन मिनिटभरात गेला, तर तो बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा गंधक आहे, सोडून द्या. राहिला तर लिहून ठेवा. नाक लवकर दमतं, म्हणून दोन हुंग्यांत थोडा वेळ जाऊ द्या आणि मध्ये आपल्याच बाहीचा वास घ्या.

वास शोधायचा कुठला? इथे लेबलवरच्या इंग्रजी शब्दांनी लोक गांगरतात. अमेरिकन धाटणीच्या पेल एलमध्ये कॅस्केड नावाचे हॉप्स पूर्वापार वापरतात. ते १९७२ मध्ये लागवडीसाठी बाजारात आले आणि सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीने १९८० मध्ये त्यांच्यावर आपली पेल एल उभी केली, तिथून ही धाटणी जगभर गेली. कॅस्केडचा वास म्हणजे पपनसाची साल आणि त्यामागे फूल. पपनस सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, नेमका तो. सिमको असेल तर राळ, धूप, ताजं चिरलेलं चिडाचं लाकूड. सिट्रा आणि मोझॅकमध्ये पिकत आलेला आंबा, पेरू, लिची. इंग्लिश धाटणीत हे फळफळावळ फारसं नसतं. तिथे ओली माती, वाळलं गवत, कोरा चहा, थोडा मध. मोझॅकमध्ये कधी कच्च्या कांद्या-लसणाचा वास निघतो, हॉप्स उशिरा तोडल्याने. आणि सिमको-सिट्रामध्ये कधी चक्क मांजराच्या मुताची छटा. तिला लोक दोष समजतात, पण पुसट असेल तर ती हॉप्सचीच आहे.

हॉप्सच्या मागे माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याचा, वास असायला हवा: पावाची कड, बिस्कीट, भाजलेलं डाळं. क्रिस्टल माल्ट घातलं असेल तर साखर तांबूस होताना येतो तो वास. बेळगावकराला हे समजावणं सोपं आहे, कुंदा करताना कढईच्या कडेला खवा भाजत येतो ना, तिथपर्यंत नको, त्याच्या थोडं अलीकडे.

तुम्हाला आलेला "कसातरीच" वास नेमका काय होता, हे शब्दांत पकडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हीच खरी अडचण आहे. "कसातरी" हा शब्द कुठल्याही ब्रुअरच्या उपयोगाचा नाही.

रंग पांढऱ्या कागदासमोर बघा. पेल एल सोनेरी ते फिकट तांबूस असते. "पेल" म्हणजे फिकट, पण लागरच्या तुलनेत नव्हे. इंग्लंडात दगडी कोळशाचा कोक करून त्यावर माल्ट सुकवू लागले तेव्हा ते धुरकट-काळपट न होता फिकं राहिलं, आणि त्या काळच्या तपकिरी बिअरच्या शेजारी ही फिकी दिसली. तेव्हा तांबूस दिसली म्हणून दचकू नका. मात्र कॅन ताजा असताना सोनेरी असते असं ठाऊक असलेली बिअर जुन्या कॅनमध्ये मळकट तपकिरीकडे झुकली असेल, तर तिला हवा लागली आहे.

गढूळपणाचं उत्तर तिसऱ्या ग्लासात मिळतं. थंड असताना धुरकट आणि खोलीच्या तापमानाला नितळ झाली, तर तो थंडीचा धूसरपणा आहे: प्रथिनं आणि हॉप्स-माल्टमधली तुरट द्रव्यं थंडीत हात धरतात, उबेत सोडतात. गरम होऊनही धूसर राहिली तर गाळलेली नसेल किंवा नंतरून थंड हॉप्स, म्हणजे उकळीत न घालता शेवटी टाकायचे हॉप्स, बरेच घातले असतील. लेबलवर "ड्राय हॉप्ड" लिहिलेलं असेल तर हे अपेक्षितच. यातलं काहीच नासकेपण नव्हे. काळजी करायची ती पांढरे तुकडे तरंगत असतील, बिअर चिकट, तार सुटणारी झाली असेल, किंवा उघडताच न हलवलेला कॅन फसफसून अर्धा बाहेर आला असेल तर. ही जंतू शिरल्याची किंवा आत पुन्हा आंबणं चालू झाल्याची खूण आहे.

आता घोट. पंधरा-वीस मिली, पोहे खाल्ल्यावर चहाचा घेतो तेवढा. सगळ्या तोंडात फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. हा बाहेर जाणारा श्वास फार महत्त्वाचा, वासाचा अर्धा भाग घशाकडून नाकात येतो. वाईन थुंकतात तशी बिअर थुंकून चालत नाही, कारण कडूपणाचा मागचा भाग गिळल्यावरच कळतो. पहिल्या घोटावर मत देऊ नका. लागरची सवय असलेल्या जिभेला पहिला घोट नुसता धक्का असतो. हलक्या अमेरिकन लागरमध्ये आयबीयू ८ ते १८ धरतात, तुमच्या कॅनवर ३५. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे हॉप्समधल्या कडू द्रव्याचे मिलिग्रॅम. अमेरिकन पेल एलला ३० ते ५० हे सर्रास चालतं, म्हणजे तुमची बिअर कागदावर तरी आपल्या जातीत सौम्यच आहे. तिसऱ्या घोटापासून लिहायला लागा.

कडू आणि तुरट यांत फरक करायला शिका, बाकी काही जमलं नाही तरी हे जमायलाच हवं. कारलं कडू, जांभूळ तुरट. कडूपणा चव आहे: येतो, वीस-तीस सेकंद राहतो आणि ओसरतो. तुरटपणा स्पर्श आहे: जीभ टाळूला चिकटल्यासारखी होते, गाल आत ओढले जातात, आणि पुढच्या प्रत्येक घोटाला तो साठत जातो. पेल एल कडू असावी, तुरट नसावी. तुरट निघाली तर बनवताना धान्य धुण्याचं पाणी फार गरम म्हणजे ७७ अंशांच्या पुढे गेलं असेल, धुणं फार लांबवलं असेल, पाण्याचा सामू चढला असेल, किंवा थंड हॉप्स प्रमाणाबाहेर घातले असतील. शेवटच्या प्रकारात घशात मिरपुडीसारखं चुरचुरतं. गाळ ठेवलेला छोटा ग्लास इथे उपयोगी पडतो. वरची बिअर ठीक आणि गाळाची तुरट-कडू असेल, तर तुम्ही पहिला कॅन गाळ ढवळून ओतला होता, एवढंच. बिअर निर्दोष.

दोषांची यादी लांब आहे, पण अनोळखी पेल एलमध्ये पाच-सहाच वारंवार भेटतात. सगळ्यात जास्त भेटतो तो हवेचा, म्हणजे ऑक्सिजनचा. सुरुवातीला नवा वास येत नाही, असलेला जातो. पपनस, फूल, आंबा काहीच नाही, फक्त कडू आणि थोडं गुळमट. मग मधाची छटा, आणि शेवटी पावसात भिजलेला पुठ्ठा. तुमच्या वर्णनावरून, "कडू जास्त आणि वास कसातरी" यावरून, माझा पहिला संशय यावरच जातो. बिअर अधिक कडू झालेली नसते. कडूपणाला झाकणारी दरवळ गेल्याने तो उघडा पडतो.

दुसरा लोण्याचा. डायअसेटिल नावाचं द्रव्य. ताज्या लोण्यापेक्षा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास म्हटलं तर जास्त बरोबर. हा आणि क्रिस्टल माल्टचा भाजका गोडवा यांत नवखे हमखास फसतात. ओळख अशी: माल्टचा गोडवा मागे पावाची कड ठेवतो आणि जिभेवर काही राहत नाही. डायअसेटिल जिभेवर बुळबुळीत थर ठेवतं, आणि झाकून ठेवलेल्या तिसऱ्या ग्लासात, बिअर उबदार झाल्यावर, वास आणखी वाढतो. कारण बहुतेक घाई: यीस्टला ते द्रव्य परत शोषून घ्यायला दोन-तीन दिवस उबेत द्यायचे असतात, टाकी रिकामी करण्याच्या गडबडीत ते दिले जात नाहीत. सोबत आंबटपणाही असेल तर मात्र घाई नव्हे, जंतू.

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, तोही घाईचाच भाऊ. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास फिक्या माल्टमधून येतो. उकळ जोरदार नसली, झाकण ठेवून उकळलं किंवा नंतर गार करायला वेळ लावला की तो राहतो. बँडेज, दवाखाना, प्लास्टिक असा वास म्हणजे क्लोरीन काढून न टाकलेलं पाणी किंवा नीट न धुतलेलं जंतुनाशक. ग्लासाच्या पाण्याबद्दल एवढं लिहिलं ते यासाठी. मोज्यासारखा, जुनाट चीजसारखा वास म्हणजे हॉप्सच शिळे. आणि स्कंक नावाच्या प्राण्यावरून ओळखला जाणारा, रबर जळाल्यासारखा वास हा उन्हाचा दोष. उजेड हॉप्सच्या कडू द्रव्याला तोडतो. तपकिरी बाटली बरंच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक वाचवत नाही, कॅनमध्ये तर उजेड शिरतच नाही. तुमच्या कॅनला हा वास आला असं कुणी म्हणालं, तर तो माणूस दुसऱ्याच कशाला तरी तो शब्द वापरतोय.

हे वास वाचून येत नाहीत, नाकाला दाखवावे लागतात. स्वस्तातला धडा असा: एकच चांगली, हॉप्सवाली बिअर घ्या. थोडी पारदर्शक ग्लासात ओतून कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थोडी सावलीत. दोन्ही गार करून शेजारी-शेजारी हुंगा. उन्हाचा दोष पुन्हा आयुष्यात विसरणार नाही. हवेच्या दोषासाठी एकाच बॅचचे दोन कॅन घ्या, एक फ्रीजमध्ये आणि एक कपाटावर तीन आठवडे ठेवून एकाच दिवशी उघडा. एप्रिलात केलंत तर धडा आणखी लवकर पाठ होतो.

आता जात. लेबलवर नुसतं "पेल एल" असेल तर अमेरिकन की इंग्लिश हे वासावरून ठरवा आणि मग त्या मापाने मोजा. बीजेसीपी ही परीक्षकांची संस्था अमेरिकन पेल एलसाठी ४.५ ते ६.२ टक्के मद्यार्क धरते, तिच्याहून कडू असलेल्या आयपीएसाठी (इंडिया पेल एल) ५.५ ते ७.५ टक्के आणि ४० ते ७० आयबीयू. म्हणजे पेल एलकडून आयपीएचा हॉप्सचा मारा मागायचा नाही. माल्ट आणि हॉप्स दोघेही ऐकू यायला हवेत, हॉप्स थोडे वरच्या पट्टीत. इंग्लिश असेल तर माल्ट पुढे, कडूपणा कोरडा, खणखणीत. इंग्लंडातल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या पाण्यात जिप्सम या खनिजाचा अंश भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एलला हा कोरडेपणा आला आणि मग सगळे ब्रुअर पाण्यात जिप्सम घालू लागले.

गुण द्यायचे तर त्याच संस्थेचा पन्नासचा तक्ता पुरेसा आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. आकडा शेवटी लिहा, आधी शब्द. नमुन्यासाठी एका बऱ्या पण थकलेल्या कॅनची नोंद अशी दिसते:

"वास: पपनस पुसट, दुसऱ्या ग्लासात जवळजवळ नाही. बिस्कीट, थोडा मध. लोणी नाही. ७. दिसणं: गडद सोनेरी, थंड असताना धूसर, उबेत नितळ, फेस पाच मिनिटं टिकला. ३. चव: आधी पावाची कड, मग कडू, मधे फळ हवं तिथे पोकळी. शेवट गुळमट. १२. स्पर्श: मध्यम अंगाची, वायू ठीक, तुरट नाही. ४. एकूण: रचना चांगली, दरवळ गेलेली. ताजी पुन्हा बघावी. ६."

बेरीज ३२. तक्त्यात ३० ते ३७ म्हणजे "व्हेरी गुड", पण या बिअरची खरी हकीकत "मधे फळ हवं तिथे पोकळी" या एका वाक्यात आहे. नुसता ३२ सांगितला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. तिघांनी न बोलता लिहावं आणि मग वाचून दाखवावं. एकाने "पुठ्ठा" म्हटलं की बाकीच्या दोघांना लगेच पुठ्ठा यायला लागतो.

पुढे कधी दोन कॅन समोर असताना मित्र अडून बसले, एक म्हणतो दोन्ही वेगळे, दुसरा म्हणतो सारखेच, तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या. चौथ्या माणसाने आत जाऊन दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी ओतायची, खुणा तळाला. चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजपंचे उत्तर तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीला अर्थ नाही. सहा फेऱ्यांत पाच वेळा बरोबर आलं तर तो नशिबाचा खेळ नाही, तसं घडण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. ग्लासात दर फेरीला वीस-पंचवीस मिली पुरे, नाहीतर पाचव्या फेरीपर्यंत सगळेच ग्लास छान लागायला लागतात.

दुकानदाराकडे जायचं ते निदान हातात असेल तरच. "कडू आहे" म्हणून गेलात तर तो हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. फसफसून बाहेर येणं, आंबट होणं, तुकडे तरंगणं, कॅन फुगलेला असणं, छापलेली मुदत उलटलेली असणं, या तक्रारी त्याला ऐकाव्या लागतात, आणि बिल असेल तर बदलूनही मागता येतं. दरवळ गेलेली, लोणी, मका, बँडेज या तक्रारी थेट ब्रुअरीला लिहा. लहान ब्रुअरीला अशा पत्राची किंमत असते. तळाच्या तारखेचा आणि बॅच क्रमांकाचा फोटो, कुठल्या गावात कधी घेतला, दुकानात फ्रीजमध्ये होता की फळीवर, घरी किती दिवस कसा ठेवला, आणि तिघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले शब्द, एवढं पाठवा. तुमचा पहिला कॅन संपला आहे, त्यामुळे दुसरा उघडताना त्याच बॅचचा आणखी एक मिळतो का ते आधी बघा. मिळाला तर तो न उघडता फ्रीजमध्ये उभा ठेवा, ब्रुअरीने नमुना मागितला तर तोच लागेल.